घरी बांधलेल्या ट्यूब अ‍ॅम्पमधला हम: कंडेन्सर बदलण्याआधी तारा बघा

नवा ट्यूब अ‍ॅम्प (व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर) बांधून झाला, व्हॉल्व्ह तापून नारिंगी झाले, गिटारचा सूरही आला, पण सुराखाली एक अखंड हम, म्हणजे गुणगुण, चालूच आहे. वाजवणं थांबवलं तरी तो थांबत नाही. ज्याला विचाराल तो एकच सांगतो, "फिल्टर कंडेन्सर बदलून टाक." जुन्या अ‍ॅम्पसाठी हा सल्ला योग्य आहे. तीस-चाळीस वर्षं पडून राहिलेल्या अ‍ॅम्पमध्ये किंवा व्हॉल्व्हच्या रेडिओत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकून गेलेले असतात आणि हमचं कारण बहुतेकदा तेच निघतं. पण नुकत्याच आणलेल्या सुट्या भागांतून तुम्ही जो अ‍ॅम्प बांधलात, त्यातले कंडेन्सर नवे आहेत. तिथे आधी संशय घ्यायचा तो तारांवर. कुठली तार कुठून नेली, ग्राउंड कुठे जोडलं, ट्रान्सफॉर्मर कुठल्या दिशेने बसवला, हे बघायचं. यातलं सगळं आपल्याच हाताने झालेलं असतं, त्यामुळे ते सुधारायलाही फारसा खर्च येत नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून एक ठरावीक सर्किट समोर ठेवू. फेंडर कंपनीचा १९५० च्या दशकातला ५एफ१ चॅम्प हा घरी बांधणाऱ्यांचा सगळ्यात आवडता अ‍ॅम्प. सिग्नल मोठा करणारा एक १२एएक्स७, स्पीकर चालवणारा एक ६व्ही६ आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ५वाय३, एवढ्या तीन व्हॉल्व्हवर तो सुमारे पाच वॅट देतो. सर्किट इतकं छोटं की कागदाच्या एका पानावर मावतं. हमची जवळपास सगळी कारणं त्यात सापडतात आणि मोठ्या अ‍ॅम्पलाही तीच लागू पडतात.

आधी जीव सांभाळा

या अ‍ॅम्पमध्ये साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहू शकतो. आत हात घालण्याआधी प्लग भिंतीतून काढा. १० किलोओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या (रेक्टिफायरनंतर डीसी सपाट करणाऱ्या कंडेन्सरपैकी पहिल्याच्या) प्लस आणि मायनसवर लावा, पाच-दहा सेकंद तसाच ठेवा आणि मग मीटरने व्होल्टेज खरंच उतरलं का ते बघा. शेवटच्या कंडेन्सरवरही मीटर लावून पाहा. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजायचं असेल तर मीटरची काळी क्लिप आधीच ग्राउंडला अडकवा, लाल प्रोब एका हाताने धरा आणि दुसरा हात चासीपासून (अ‍ॅम्पच्या धातूच्या डब्यापासून) लांब ठेवा. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे वायरमन लोक साठ किंवा शंभर वॅटचा फिलॅमेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून जो बनवतात तो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटेल आणि ट्रान्सफॉर्मर वाचेल. स्पीकर कायम जोडलेला असू द्या, कारण स्पीकरशिवाय वाजवलेला ट्यूब अ‍ॅम्प आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळू शकतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हम शोधताना व्हॉल्व्ह काढून बघायची पद्धत आहे, आपणही ती वापरणार आहोत, पण चॅम्पमधला ६व्ही६ काढून अ‍ॅम्प चालू करू नका. ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५ चा (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना ३२५ व्होल्ट) असेल तर भार नसताना कंडेन्सर शिखर व्होल्टेजपर्यंत चढतो. ३२५ गुणिले १.४१४ म्हणजे जवळपास ४६० व्होल्ट, आणि कंडेन्सर बहुधा ४५० चे असतात. १२एएक्स७ काढला तर मात्र काही बिघडत नाही, कारण तो दोन-तीन मिलिअँपिअरच घेतो.

हम कुठून येतोय

गिटार आणि केबल दोन्ही काढा. चॅम्पचा इनपुट जॅक स्विचिंग प्रकारचा असतो, म्हणजे प्लग नसताना तो ग्रिडला (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल शिरतो त्या जाळीला) आपोआप ग्राउंडशी जोडतो. तुम्ही साधा जॅक लावला असेल तर एका रिकाम्या प्लगमध्ये टोक (टिप) आणि बाही (स्लीव्ह) एकमेकांना सोल्डर करून तो प्लग आत घाला. असं केल्यावर हम गेला तर अ‍ॅम्प निर्दोष आहे. दोष गिटारमध्ये, केबलमध्ये किंवा खोलीत आहे, त्याकडे शेवटी येऊ.

हम राहिला तर व्हॉल्यूम शून्यापासून शेवटपर्यंत सावकाश फिरवा आणि कान देऊन ऐका. हमवर काहीच परिणाम झाला नाही तर तो व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात शिरतोय. व्हॉल्यूमबरोबर सरळ वाढत गेला तर पहिल्या स्टेजमधून, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या पहिल्या टप्प्यातून येतोय. तिसरी शक्यता ओळखायला जरा अवघड आहे. हम वाढत जातो, पण मध्ये कुठेतरी सगळ्यात जास्त होतो आणि पूर्ण व्हॉल्यूमला पुन्हा उतरतो. असं झालं तर दुसऱ्या स्टेजची ग्रिड आजूबाजूच्या तारांतून हम ओढून घेत आहे. व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा बदलता रेझिस्टर) १ मेगओहमचा असतो. तो शून्यावर असताना ग्रिड ग्राउंडला चिकटलेली असते आणि पूर्ण उघडल्यावर पहिल्या स्टेजच्या प्लेटशी (व्हॉल्व्हमधून सिग्नल बाहेर पडतो त्या भागाशी) जोडलेली असते. अधल्यामधल्या जागी मात्र ग्रिडच्या मागे अडीच लाख ओहमपर्यंत रोध येतो, आणि जितका रोध जास्त तितकी ती तार अँटेनासारखी वागते. त्यामुळे मधल्या जागी हम वाढला की व्हॉल्यूमच्या पॉटपासून ग्रिडच्या पिनपर्यंतची तार तपासायची. ती लांब असेल तर छोटी करा किंवा शील्डेड वायर वापरा, आणि शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

यानंतर अ‍ॅम्प बंद करून १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करा. हम गेला तर तो प्रीअ‍ॅम्पचा, म्हणजे १२एएक्स७ च्या भागाचा होता. राहिला तर तो पॉवर सप्लायमधून, ६व्ही६ मधून किंवा ट्रान्सफॉर्मरमधून येतोय. कधी कधी १२एएक्स७ काढल्यावर हम चक्क वाढतो आणि माणूस गोंधळून जातो. चॅम्पमध्ये स्पीकरकडून १२एएक्स७ च्या दुसऱ्या कॅथोडकडे (व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाकडे) निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा परत जातो आणि तो फीडबॅक आउटपुट स्टेजचा हम दाबत असतो. व्हॉल्व्ह काढला की हा दाब सुटतो. त्यामुळे हम वाढला तरी निष्कर्ष तोच: उगम आउटपुट स्टेजमध्ये किंवा सप्लायमध्ये आहे.

१२एएक्स७ च्या एकाच काचेत दोन स्टेज असल्याने काढल्या तर दोन्ही एकदम जातात. त्या वेगळ्या करायच्या असतील तर अ‍ॅम्प बंद आणि डिस्चार्ज करून दुसऱ्या स्टेजच्या ग्रिडची पिन (२ किंवा ७, तुमच्या वायरिंगप्रमाणे) क्लिपच्या तारेने ग्राउंडला जोडा आणि मग चालू करा. या सर्किटमध्ये ग्रिडवर डीसी शून्य असतो, त्यामुळे तसं जोडणं सुरक्षित आहे. हम थांबला तर तो त्या ग्रिडवर किंवा त्याच्याआधी शिरतोय. नाही थांबला तर त्याच्या पुढे.

पन्नास की शंभर?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. रेक्टिफायर दोन्ही अर्धलाटा वापरतो, त्यामुळे पॉवर सप्लायमधला उरलेला रिपल (डीसीवरची चढउतार) १०० हर्ट्झचा असतो. म्हणून स्पीकरमधून येणारा हम कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आहे हे कळलं की निम्मं काम होतं. ५० असेल तर हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) तारा, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा घरातल्या वायरिंगकडून आलेला हम. १०० असेल तर डीसी सप्लाय, किंवा त्या सप्लायचा चार्जिंगचा प्रवाह ग्राउंडमध्ये मिसळलेला.

ओळखायचं कसं? मोबाइलमध्ये हर्ट्झचा आकडा दाखवणारं ट्यूनर असेल तर ते स्पीकरसमोर धरा. मोबाइलच्या माइकला ५० हर्ट्झ नीट ऐकू येत नाही, त्यामुळे डोळे झाकून त्याच्यावर विसंबू नका, कानानेही ताडून बघा. गिटारच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला 'जी' (G) हा सूर मिळतो, तो ९८ हर्ट्झचा. १०० हर्ट्झचा हम त्याच्या अगदी शेजारी, किंचित चढा ऐकू येतो. अ‍ॅम्पला न जोडता तो सूर छेडा आणि हमशी जुळवून पाहा. हम त्याच सप्तकात वाटला तर १०० हर्ट्झचा. एक सप्तक खाली, पोटात जाणवणारा वाटला तर ५० चा. स्पीकर छोटा असेल तर ५० चा मूळ सूर फार क्षीण येतो, तेव्हा जाड तारेवरच्या 'जी'शी तुलना करून नीट ऐकायला थोडा वेळ द्या.

आवाजाचा पोत पण सांगतो. गोल, गुळगुळीत "हूंऽऽ" हा शुद्ध साइन लाटेचा, म्हणजे हीटर किंवा चुंबकीय कारण. करकरीत, माशी डब्यात अडकल्यासारखी भुणभुण असेल तर तिच्यात वरच्या पट्टीचे सूर भरपूर आहेत, आणि ती बहुतेकदा रेक्टिफायरच्या चार्जिंगच्या झटक्यांची किंवा ग्राउंडची असते.

ग्राउंड: सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

सर्किटच्या नकाशात ग्राउंडची खूण जिथे तिथे सारखीच काढलेली असते. त्यामुळे वाटतं की चासीला कुठेही जोडलं तरी चालेल, शेवटी सगळं एकच. प्रत्यक्षात तांब्याच्या तारेलाही रोध असतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची दहा सेंटीमीटर तार घ्या, तिचा रोध साडेतीन मिलिओहमच्या आसपास भरतो. चॅम्प सरासरी ५० मिलिअँपिअर घेत असला तरी पहिला कंडेन्सर सतत चार्ज होत नाही. प्रत्येक अर्धलाटेच्या शिखरावर थोडा वेळ, झटक्यात चार्ज होतो आणि त्या झटक्याचा प्रवाह सरासरीच्या चार-पाच पट असतो. २०० मिलिअँपिअर गुणिले साडेतीन मिलिओहम, म्हणजे पाऊण मिलिव्होल्ट. आकडा क्षुल्लक वाटतो. पण चॅम्पला पूर्ण आवाज काढायला इनपुटवर वीस-तीस मिलिव्होल्ट पुरतात. पहिल्या स्टेजचं ग्राउंड त्याच दहा सेंटीमीटरच्या तारेवर असेल, तर हे पाऊण मिलिव्होल्ट गिटारच्या सिग्नलमध्ये मिसळून दोन स्टेजमधून मोठे होतात आणि सेकंदाला शंभर वेळा स्पीकरमधून करकरतात. चाळीत एकाच पाइपावर सगळ्या मजल्यांचे नळ असले की खालच्याने नळ पूर्ण सोडला की वरच्याची धार बारीक होते, तसंच हे आहे: पाइप सामायिक असल्याने एकाच्या ओढीचा परिणाम दुसऱ्याला भोगावा लागतो.

म्हणून सगळ्यात आधी पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगच्या मधल्या टॅपची, म्हणजे वाइंडिंगच्या मध्यातून काढलेली तार बघा. ती चासीच्या जवळच्या बोल्टला लावली असेल तर सोडवा आणि थेट पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या मायनस पायावर सोल्डर करा. या दोन बिंदूंमध्येच चार्जिंगचे झटके फिरतात, ते तिथल्या तिथेच फिरू द्यावेत. पुढचं ग्राउंड त्या कंडेन्सरच्या मायनस पायावरून काढायचं, मधल्या टॅपच्या तारेवरून नाही.

मग प्रत्येक स्टेजचं ग्राउंड त्या स्टेजला डीसी पुरवणाऱ्या कंडेन्सरच्या मायनसशी जोडा. ६व्ही६ चा कॅथोड रेझिस्टर आणि त्याचा बायपास कंडेन्सर पॉवर सप्लायच्या बाजूला. १२एएक्स७ चे कॅथोड रेझिस्टर, ग्रिडलीक (ग्रिडपासून ग्राउंडपर्यंतचा रेझिस्टर) आणि व्हॉल्यूम पॉटचं ग्राउंड तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या फिल्टर कंडेन्सरच्या मायनसशी. इनपुट जॅकचं ग्राउंड पहिल्या स्टेजच्या कॅथोडच्या ग्राउंडशी. मग पहिल्या कंडेन्सरपासून इनपुटपर्यंत एक सरळ माळ तयार होते, आणि तिला चासीशी जोडायचं ते फक्त एकाच ठिकाणी, इनपुट जॅकच्या जवळ. सगळं एका बिंदूला आणणाऱ्या स्टार ग्राउंडची बरीच स्तुती होते, पण छोट्या अ‍ॅम्पमध्ये मला ही माळच जास्त पटते. स्टारसाठी प्रीअ‍ॅम्पच्या तारा पॉवर सप्लायपर्यंत लांबच लांब न्याव्या लागतात.

आता धातूचे जॅक आणि पॉट तपासा. इनपुट जॅकची धातूची बाही नटाने चासीवर आवळली की तिथे ग्राउंडचं एक जोड आपोआप होतं. स्पीकर जॅकनेही तसंच केलं आणि त्याच्यासाठी वेगळी तारही असेल तर चासीतून दोन वाटा झाल्या, म्हणजे ग्राउंडचा लूप (बंद फेरा) तयार झाला. प्लॅस्टिक बॉडीचा जॅक लावला की प्रश्न मिटतो. धातूचाच ठेवायचा असेल तर इनपुट जॅक हाच तुमचा एकुलता चासी बिंदू करा आणि स्पीकर जॅक फायबर वॉशरने वेगळा करा. चासी रंगवलेली किंवा अ‍ॅनोडाइज केलेली असेल तर नटाखाली कानशीने धातू उघडा करा, नाही तर जोड आज लागेल आणि पुढच्या पावसाळ्यात सुटेल.

मेन्सच्या अर्थिंगची हिरवी तार मात्र या सगळ्यात येत नाही. तिचा स्वतःचा वेगळा बोल्ट असावा, मेन्स केबल आत येते तिथेच, स्टार वॉशर आणि दोन नट लावून, आणि त्या बोल्टवर दुसरं काहीही नको. ही तार कापून किंवा प्लगची अर्थ पिन काढून हम घालवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती कधीही करू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एके दिवशी फुटलं तर ही तारच फ्यूज उडवते. ती नसेल तर २३० व्होल्ट चासीवर येतात, चासीवरून गिटारच्या ब्रिजवर आणि तिथून वाजवणाऱ्याच्या बोटांवर.

हीटरच्या तारा

१२एएक्स७ आणि ६व्ही६ चे हीटर ६.३ व्होल्ट एसीवर चालतात. १२एएक्स७ ला ३०० मिलिअँपिअर, ६व्ही६ ला ४५० मिलिअँपिअर. म्हणजे चासीच्या आतल्या तारांतून पाऊण अँपिअरचा ५० हर्ट्झ प्रवाह फिरतो, तोही अशा सॉकेटवरून जिथे गिटारचा सिग्नल येतो. हीटरची तार आणि ग्रिडची तार यांच्यात फक्त एक पिकोफॅरड एवढी धारिता असली तरी मोकळ्या १ मेगओहम ग्रिडवर दोन मिलिव्होल्ट येतात.

उपाय साधा आहे. दोन्ही तारा घट्ट पिळून न्या, इतक्या की मधून उजेड दिसू नये. एका तारेचं क्षेत्र दुसरीचं क्षेत्र खोडून टाकतं. ही जोडी चासीच्या कोपऱ्यातून न्या, सॉकेटपाशी वर उचला आणि पिनांवर उतरवा. १२एएक्स७ ला ६.३ व्होल्टवर चालवताना ४ आणि ५ नंबरच्या पिना एकत्र जोडून एक बाजू होते आणि ९ नंबर दुसरी. या छोट्या जोडतारा पिनांना लागून ठेवा, ग्रिडच्या पिनांवरून लोंबू देऊ नका. सिग्नलच्या तारेला हीटरची जोडी ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, समांतर कधीही नेऊ नका.

जुन्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये हीटरची एक बाजू थेट चासीला जोडायची पद्धत होती. तार वाचायची, पण खोडण्याचा सगळा फायदा जायचा. नव्या बांधणीत तसं करू नका. ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्ट वाइंडिंगला मधला टॅप असेल तर तो ग्राउंड करा. नसेल तर १०० ओहमचे दोन रेझिस्टर, अर्धा वॅटचे, प्रत्येक बाजूकडून एक, ग्राउंडला जोडा आणि खोटा मधला टॅप तयार करा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हे रेझिस्टर पाच-दहा रुपयांत मिळतात. टॅप असताना हे रेझिस्टर लावू नका, काही उपयोग नाही.

एवढ्याने ५० हर्ट्झचा हम पूर्ण गेला नाही तर हीटरला थोडा पॉझिटिव्ह डीसी द्या. हीटर आणि कॅथोड काचेत अगदी लगत असतात. हीटर कॅथोडपेक्षा खालच्या व्होल्टेजला असला तर त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन कॅथोडकडे खेचले जातात आणि तो प्रवाह ५० हर्ट्झने हलतो. हीटरला वीस ते चाळीस व्होल्टवर उचललं की ते थांबतं. चॅम्पमध्ये यासाठी नवीन भागही लागत नाही. ६व्ही६ च्या कॅथोडवर सुमारे वीस व्होल्ट असतात आणि तिथे २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आधीच आहे. मधला टॅप (किंवा त्या दोन रेझिस्टरचा जोड) ग्राउंडवरून काढून त्या कॅथोडला लावा, एवढंच. इतक्या स्वस्तात इतका फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही.

ट्रान्सफॉर्मरची दिशा

पॉवर ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र सांडतं. ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात शिरलं की स्पीकरमध्ये थेट ५० हर्ट्झचा हम येतो. १२एएक्स७ काढला तरी, व्हॉल्यूम काहीही असला तरी तो तसाच. मग ग्राउंड आणि हीटर कितीही सुधारा, फरक पडत नाही. उपाय एकच, दोघांची दिशा बदलणं.

चासीला भोकं पाडण्याआधी हे तपासता येतं. पॉवर ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवा, त्याच्या सेकंडरीच्या (आउटपुट बाजूच्या) सगळ्या तारांची टोकं वेगवेगळी नीट इन्सुलेट करा (त्यांच्यावर साडेसहाशे व्होल्टपर्यंत एसी असतो) आणि फक्त प्रायमरीला (इनपुट बाजूला) मेन्स द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या कुठल्याच तारेला जोडू नका. त्याच्या सेकंडरीवर, म्हणजे स्पीकर लागतो त्या टोकांवर, हेडफोन जोडा. प्रायमरीच्या तारांची टोकंही इन्सुलेट करा. आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर टेबलावरच सरकवत, फिरवत ऐका. एका दिशेला हम भरून येतो, थोडा फिरवला की मावळतो, आणखी फिरवला की परत येतो. अगदी कमी हमच्या जागी पेन्सिलने खूण करा. बहुतेक वेळा ती जागा दोन्ही गाभे काटकोनात असतानाच सापडते, पण नेमकी तीच असेल असं नाही. दोन-चार अंशांनीही फरक पडतो आणि तो कानाला स्पष्ट कळतो.

परदेशी किट मागवणाऱ्यांनी इथे एक गोष्ट बघावी. अमेरिकेची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की गाभ्यातला चुंबकीय फ्लक्स २० टक्के वाढतो, गाभा संपृक्त व्हायला लागतो, ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो आणि भोवतालचं क्षेत्र पसरतं. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलेलाच ट्रान्सफॉर्मर घ्या.

पॉवर सप्लायचा रिपल

कंडेन्सरकडे आता या टप्प्यावर यायचं. मूळ चॅम्पमध्ये १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचे तीन कंडेन्सर आणि त्यांच्या मध्ये १० किलोओहम व २२ किलोओहमचे रेझिस्टर आहेत. ते ६० हर्ट्झच्या देशात ठरवलेले आकडे आहेत. आपल्याकडे दोन चार्जिंगच्या मधला वेळ जास्त, म्हणून त्याच कंडेन्सरवर रिपल २० टक्के जास्त. ५० मिलिअँपिअर आणि १६ मायक्रोफॅरड धरले तर पहिल्या कंडेन्सरवर वीस ते तीस व्होल्टांचा रिपल येतो. ऐकून धडकी भरेल, पण तो थेट स्पीकरमध्ये येत नाही. ६व्ही६ चा प्लेटचा अंतर्गत रोध आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या रोधाच्या कितीतरी पट असल्याने बराचसा रिपल व्हॉल्व्हवरच पडतो, ट्रान्सफॉर्मरवर थोडाच उरतो. पुढे १० किलोओहम आणि ८ मायक्रोफॅरडची जोडी तो आणखी सुमारे पन्नास पटींनी कमी करते आणि २२ किलोओहमची जोडी शंभर पटींहून जास्त. १२एएक्स७ पर्यंत काही मिलिव्होल्टच पोचतात.

म्हणून १२एएक्स७ काढूनही राहणारा १०० हर्ट्झचा हम असेल तर पहिल्या दोन कंडेन्सरवर लक्ष द्या. पहिला १६ चा २२ केला तर हमात कळण्याइतका फरक पडतो. ५वाय३ साठी त्यापुढे मी जात नाही. रेक्टिफायर व्हॉल्व्हला फार मोठा पहिला कंडेन्सर सोसत नाही, चार्जिंगचे झटके त्याच्या मर्यादेपलीकडे जातात. दुसरा आणि तिसरा मात्र निर्धास्त २२ किंवा ३३ करा, मध्ये रेझिस्टर असल्याने रेक्टिफायरवर ताण येत नाही. एखादा कंडेन्सर खराब आहे का हे बघायचं असेल तर अ‍ॅम्प बंद आणि डिस्चार्ज करून त्याच्याशी समांतर चांगला कंडेन्सर क्लिपने जोडा, पोलॅरिटी दोनदा तपासा आणि मग चालू करा. हम ठळकपणे कमी झाला तर बदला, नाही तर त्याला हात लावू नका. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला ४५० व्होल्टचा कंडेन्सर नवा दिसत असला तरी जुनाच असतो, अंगावरचा तारखेचा कोड बघून घ्या.

पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये (जिथे आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने आलटून पालटून काम करतात) दोन आउटपुट व्हॉल्व्ह रिपल एकमेकांत खोडतात, म्हणून त्यांना एवढा त्रास नसतो. तिथे १०० हर्ट्झचा हम अचानक वाढला तर दोन्ही व्हॉल्व्हचा करंट सारखा आहे का बघा. फिक्स्ड बायस (ग्रिडला वेगळं ठरावीक निगेटिव्ह व्होल्टेज देणं) असेल तर त्याचा सप्लाय बहुधा अर्धलाटेचा असतो, म्हणजे तिथल्या खराब कंडेन्सरचा हम ५० हर्ट्झचा येतो.

काडी आणि कान

वरचं सगळं करूनही थोडा हम उरला तर लाकडाची किंवा बांबूची लांब, कोरडी काडी घ्या. अ‍ॅम्प चालू, व्हॉल्यूम पूर्ण, एक हात खिशात, आणि काडीने एकेक तार हळूच सरकवा. ग्रिडच्या तारेला हीटरच्या जोडीपासून अर्धा सेंटीमीटर लांब केलं की हम खाली उतरतो, परत जवळ नेलं की चढतो. प्लेटच्या तारा, टोन आणि व्हॉल्यूमच्या तारा, स्पीकरची तार, सगळ्या हलवून बघा. जिथे हम सगळ्यात कमी, तिथे तार बसवा. ग्राउंडच्या जोडांवरही काडी टेकवून दाबा. दाबल्यावर हम बदलला तर ते सोल्डर थंड, म्हणजे नीट न वितळता बसलेलं आहे. जोड पुन्हा तापवा, फ्लक्स लावा, सोल्डर वितळून तारेवर चमकत पसरेपर्यंत थांबा.

१२एएक्स७ बदलून दुसरा लावून बघायला विसरू नका. काही व्हॉल्व्हमध्ये हीटर आणि कॅथोडमधला गळतीचा प्रवाह जास्त असतो. तो हम कुठल्याही वायरिंगने जात नाही, व्हॉल्व्ह बदलल्यावरच जातो.

गिटार आणि घर

प्लग काढल्यावर शांत असलेला अ‍ॅम्प गिटार लावताच गुणगुणायला लागला तर गिटार हातात घेऊन जागच्या जागी वळा. एका दिशेला हम वाढला आणि दुसरीकडे मावळला तर सिंगल कॉइल पिकअप ट्रान्सफॉर्मरचं किंवा भिंतीतल्या वायरिंगचं क्षेत्र पकडतोय. त्यात अ‍ॅम्पची काही चूक नाही, अ‍ॅम्पपासून दीड-दोन मीटर लांब बसा. तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी होत असेल तर तेही बऱ्याच गिटारांत स्वाभाविक आहे. आपलं शरीर भोवतालची वीज पकडतं आणि ब्रिज ग्राउंड असल्याने तारांना स्पर्श करताच ती ग्राउंडला जाते.

पण हात लावताना झिणझिण्या येत असतील तर लगेच बंद करा. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्याच्या अर्थ पिनला मागे तारच नसते. फेज आणि अर्थ यांच्यात मीटरने मोजा. तिथे २३० च्या जवळपास येत नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग करून घ्या, मग अ‍ॅम्प लावा. पेडलचा अडॅप्टर, लॅपटॉप आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या खोल्यांतल्या सॉकेटवर असतील तर सगळे एकाच बोर्डवर आणा, लूप तिथेही होतो.

किती हम चालेल

स्पीकर जोडलेला असताना त्याच्या टोकांवर एसी मिलिव्होल्टच्या रेंजमध्ये मीटर लावा, व्हॉल्यूम शून्य, गिटार काढलेली. पाच मिलिव्होल्टच्या आत असेल तर रात्रीच्या शांततेत कान स्पीकरला लावल्याशिवाय तो फारसा जाणवत नाही. दहा-पंधरा असेल तर खोलीत ऐकू येईल, पण वाजवायला लागल्यावर कळणार नाही. पन्नासच्या वर असेल तर वर सांगितलेल्यांपैकी एखादी गोष्ट नक्की राहिली आहे. प्रत्येक बदलानंतर हा आकडा वहीत लिहून ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मगच पुढच्या तारेला हात लावा. चॅम्पसारख्या सिंगल एंडेड (एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या) अ‍ॅम्पमध्ये आकडा शून्यावर येत नाही. तसा यावा म्हणून सप्लायमध्ये चोक (रिपल अडवणारी कॉइल) घालणारे आणि हीटरला डीसी देणारे पुष्कळ आहेत, आणि रेकॉर्डिंगसाठी अ‍ॅम्प वापरायचा असेल तर तो खर्च योग्यच आहे. घरी वाजवायला मात्र ग्राउंडची माळ, पिळलेली हीटरची जोडी आणि नीट बसवलेला ट्रान्सफॉर्मर एवढं पुरतं.